तेलाची जात आणि तेलाची प्रत

आपल्या न्यासाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप संपादक मंडळींकडून आला तेव्हा शिक्षणावर लिहावे असे प्रथम मनात होते. परंतु त्या विषयावर आमच्याहून अधिकारी मंडळी या अंकात लिहितीलच. म्हणून ज्या गोष्टीचा निर्णय प्रत्येक घरात दररोज दोन वेळा घ्यावा लागतो, आणि ज्याचा विचार मात्र क्वचितच होतो, असा एक साधा विषय आम्ही निवडला आहे. तो विषय म्हणजे स्वयंपाकाचे तेल. हा विषय आम्ही पुस्तकात वाचून घेतलेला नाही. तो आमच्या घरातूनच आमच्याकडे आला. ती हकीकत प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या अब्बांना हृदयविकाराचा त्रास झाला. उपचार होऊन ते घरी आले. डॉक्टरांनी औषधे दिली, रोज चालण्यास सांगितले आणि तेल, तूप व मीठ बेताने वापरा, असे बजावले. ही बातमी जेद्दा येथे नोकरीस असलेल्या आमच्या मामेभावास कळली. तो सुट्टीवर आला तेव्हा अब्बांसाठी जैतुनाच्या तेलाचा एक मोठा डबा घेऊन आला. जैतुनाचा उल्लेख कुराण शरीफात आहे, हे आमच्या घरातील लहान मुलासही ठाऊक. त्यामुळे डबा मोठ्या आदराने कपाटात ठेवला गेला. रोज सकाळी चमचाभर कच्चे तेल अब्बांना देण्यात येऊ लागले. त्यांची भाजीही त्याच तेलात वेगळी होऊ लागली.

पुढे डबा संपला, तेव्हा तसेच तेल येथील बाजारात पुष्कळ पैसे मोजून घेतले जाऊ लागले. एकीकडे खर्च वाढला म्हणजे दुसरीकडे काटकसर आलीच. बाकीच्या मंडळींसाठी दुकानातील सुटे तेल येऊ लागले. भजी, समोसे तळून उरलेले काळपट तेल अम्मी एका स्टीलच्या डब्यात जपून ठेवीत आणि स्वतःच्या भाजीला तेच वापरीत. कोणी हटकले तर म्हणत, "मला काय झालंय? मी चांगली धडधाकट आहे." आम्ही घरातच होतो. आम्हीही हे पाहिले आणि गप्प राहिलो.

एकदा नववीच्या वर्गात वेष्टनावरील माहिती कशी वाचावी, हा पाठ होता. मुलांना घरून रिकामी वेष्टने आणण्यास सांगितले होते. आम्हीही घरातील जैतुनाचा डबा नेला. मुलांसमोर वाचू लागलो, तो वर मोठ्या अक्षरांत 'ऑलिव्ह' आणि खाली बारीक अक्षरांत 'पोमेस ऑइल' असे शब्द दिसले. इतरांना वाचावयास शिकवणाऱ्या आम्ही आपल्या घरचा डबा तोवर वाचलाच नव्हता! त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा अभ्यास सुरू केला. त्याचे सार पुढे देत आहोत.

१. तेल कसे काढले, हा पहिला प्रश्न

आपण दुकानात विचारतो, "तेल कशाचे?" शेंगदाण्याचे, करडईचे, सूर्यफुलाचे असे उत्तर मिळते. ही झाली तेलाची जात. परंतु तेल कसे काढले आणि काढल्यावर त्याचे काय केले, यावरून तेलाची प्रत ठरते. हा दुसरा प्रश्न आपण विचारीत नाही. एकाच बीचे तेल तीन निरनिराळ्या प्रतींचे असू शकते.

पहिला प्रकार घाण्याचा. बी घाण्यात चिरडली जाते, तेल निथळते, ते स्थिर ठेवून किंवा कापडातून गाळून घेतात. उष्णता बेताचीच असते, म्हणून बीचा रंग, वास, चव आणि काही उपयुक्त द्रव्ये तेलात टिकतात. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने बैलाच्या घाण्यात सुधारणा करण्याचे काम हाती घेतले होते. कमी श्रमात अधिक तेल निघावे, हा त्यामागील हेतू होता. आता बैल जाऊन विजेची मोटर आली आहे. परंतु तत्त्व तेच.

दुसरा प्रकार यंत्राच्या दाबाचा. लोखंडी यंत्रात बी मोठ्या दाबाने पिळली जाते. घर्षणाने ती बरीच तापते, तेल अधिक निघते. ते गाळले म्हणजे बाजारात 'फिल्टर' तेल म्हणतात ते तयार होते.

तिसरा प्रकार कारखान्याचा. दाबल्यानंतरही पेंडीत काही तेल शिल्लक राहतेच. ते हेक्झेन नावाच्या द्रावकात विरघळवून काढतात आणि मग उष्णतेने द्रावक उडवून टाकतात. असे तेल जसेच्या तसे खाण्याजोगे नसते. ते अल्कलीने धुऊन त्यातील आम्ल काढतात, विशिष्ट मातीतून नेऊन रंग काढतात, आणि निर्वात पात्रात दोनशे अंशांच्या वर तापवून वाफेने वास काढतात. याला रिफाइंड म्हणावयाचे. दाबाचे तेलही याच रीतीने रिफाइंड करता येते. असे तेल निर्मळ व टिकाऊ असते, त्याला लवकर धूर येत नाही. परंतु बीचा वास, चव आणि पुष्कळसे सूक्ष्म गुण गेलेले असतात.

२. जैतुनाच्या प्रती

हीच फूटपट्टी जैतुनाला लावू. जैतुनाचे फळ आठळीसकट वाटून त्याचा लगदा करतात आणि केवळ यंत्राच्या बळाने त्यातील तेल वेगळे करतात. असे तेल निर्दोष चवीचे व वासाचे असेल, आणि त्यातील मोकळे आम्ल १०० ग्रॅममध्ये ०.८ ग्रॅमपेक्षा अधिक नसेल, तर त्याला 'एक्स्ट्रा व्हर्जिन' म्हणतात. आम्ल २ ग्रॅमपर्यंत असेल आणि चवीत किंचित उणीव असेल, तर ते 'व्हर्जिन'. ही आपल्या भाषेत घाण्याची प्रत समजावी. चांगले एक्स्ट्रा व्हर्जिन तेल जिभेला थोडे कडवट लागते आणि घशात जरा झोंबते. तो दोष नव्हे; ती त्यातील उपयुक्त द्रव्यांची खूण आहे.

ज्या तेलाची चव किंवा वास बिघडला असेल ते रिफाइंड करतात, आणि त्यात थोडे व्हर्जिन मिसळून नुसते 'ऑलिव्ह ऑइल' म्हणून विकतात. त्यालाच कोणी 'लाइट' असे नाव देतात. ते वासाला हलके, एवढाच त्याचा अर्थ. उष्मांक कोणत्याही तेलात ग्रॅमला ९ च असतात.

उरला चोथा. इंग्रजीत त्याला पोमेस म्हणतात. या चोथ्यातील राहिलेले तेल द्रावकाने काढतात, रिफाइंड करतात आणि त्यात थोडे व्हर्जिन मिसळतात. हेच आमच्या डब्यातील पोमेस ऑइल. ते खोटे नाही, अपायकारकही नाही. कायद्याने ते त्याच नावाने विकता येते. परंतु ज्या गुणांसाठी अब्बा ते रोज सकाळी कच्चे पीत होते, ते गुण बहुतांशी चोथ्यातून येताना वाटेतच राहिले होते. तो डबा तळणीला योग्य होता, आणि आम्ही त्याचे औषध केले होते.

येथे एक सूचना. केवळ आम्लाचा आकडा पाहून प्रत ठरवू नये. रिफाइंड जैतून तेलात आम्ल ०.३ ग्रॅमच्या आत असते, म्हणजे एक्स्ट्रा व्हर्जिनपेक्षाही कमी. कारण ते धुऊन काढलेले असते. न सांडणाऱ्या मुलाचे कपडे आणि धुतलेले कपडे दोन्ही स्वच्छच दिसतात!

जैतुनाची कीर्ती खोटी नाही. स्पेनमध्ये सुमारे ७,४०० व्यक्तींवर एक मोठा प्रयोग झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पद्धतीतील काही दोष ध्यानी आल्यावर २०१८ मध्ये नव्या मांडणीसह पुन्हा छापला गेला. एक्स्ट्रा व्हर्जिन घेणाऱ्या गटात हृदयविकार व पक्षाघाताचे झटके कमी आढळले. परंतु त्याच प्रयोगात ज्या गटाला रोज ३० ग्रॅम अक्रोड-बदामासारखा मेवा दिला, त्यालाही जवळजवळ तेवढाच लाभ झाला. दोन्ही गट भाजीपाला, फळे, कडधान्ये व मासे खाण्याचा उपदेश पाळणारे होते. तात्पर्य, लाभ नुसत्या एका बाटलीचा नव्हे, सबंध ताटाचा.

३. आपल्या मातीची तेले

आता आपल्याकडे वळू. बीदर, भालकी, बसवकल्याण, औराद आणि तिकडे आळंद, कलबुर्गी हा सारा काळ्या मातीचा प्रदेश. येथील रब्बीचे खरे तेलबी म्हणजे करडई, कानडीत कुसुबी. ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईच्या ओळी असत, कारण काटेरी झाडांमुळे गुरे आत शिरत नसत. काढणी भल्या पहाटे, दवाने काटे मऊ असताना. कोवळ्या पानांची भाजी, बीचे तेल आणि पेंड जनावरांना, असा तिचा तिहेरी उपयोग. धारवाड भागातील अण्णिगेरीच्या नावाची अण्णिगेरी-१ आणि सोलापूरची भीमा हे वाण शेतकऱ्यांना चांगले परिचित आहेत. पुढे सोयाबीन, तूर आणि हरभरा यांनी करडईची जागा घेतली. आता करडईचे शेत पाहावयाचे तर ते शोधावे लागते.

करडईच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे ७५ टक्के असते. हे आम्ल शरीर स्वतः तयार करू शकत नाही, आणि तुपासारख्या घट्ट स्निग्धांच्या जागी ते घेतले असता रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते. म्हणून करडईची शिफारस होते. परंतु हेच आम्ल उष्णतेने व हवेने लवकर बिघडते. घाण्याच्या करडई तेलाला धूर लवकर येतो आणि ते लवकर खवट होते. यास्तव ते फोडणीला, चटणीवर, भाकरीबरोबर घ्यावे. तळणीला वापरू नये.

शेंगदाण्याच्या तेलात जैतुनातील मुख्य आम्ल, म्हणजे ओलेइक, सुमारे निम्मे असते, आणि लिनोलेइक तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे ते उष्णतेला अधिक टिकते. तिळाच्या तेलात ही दोन्ही आम्ले साधारण सारखी असून ते खवटही लवकर होत नाही. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ वर्गाचे आम्ल असते. करडई, शेंगदाणा व सूर्यफूल या तिन्हींत ते जवळजवळ नाहीच. जवसाचे तेल मुळीच तापवू नये. परंतु त्यासाठी बाटली विकत घेण्याचीही गरज नाही. आपल्याकडील जवसाची चटणी तेच काम करते.

पामतेल स्वस्त असते आणि तळणीला टिकते. पण त्यात घट्ट स्निग्धांश सुमारे ४५ टक्के असतो, म्हणून रोजचे एकमेव तेल ते असू नये. वनस्पती तुपातील ट्रान्स चरबी हृदयास विशेष घातक. तिच्यावर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली आहे.

४. कोणत्या कामाला कोणते तेल

वर्गात आम्ही फळ्यावर लिहितो, त्याप्रमाणे थोडक्यात सांगतो.

कच्चे खावयाचे, म्हणजे चटणी, कोशिंबीर, भाकरीवर : घाण्याचे करडई, शेंगदाणा किंवा तीळ. ऐपत व आवड असेल तर एक्स्ट्रा व्हर्जिन जैतून.

फोडणी, रोजची भाजी, आमटी : घाण्याचे किंवा फिल्टर शेंगदाणा तेल, करडईही चालेल, मात्र धूर निघेपर्यंत तापवू नये. एक्स्ट्रा व्हर्जिन जैतून तापवले की विष होते, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. साध्या भाजीला ते चालते. पण त्याचा वास उडून जातो आणि पैसा वाया जातो.

तळणी, बगारा, बिर्याणीचा कांदा : रिफाइंड किंवा फिल्टर शेंगदाणा तेल. तळणीची उष्णता १७० ते १८० अंश असते. पोमेस घरात असेलच, तर त्याची जागा ही.

वर्षभर एकाच तेलाला चिकटून राहू नये, दोन-तीन तेले आलटून-पालटून वापरावी, असा सल्ला आहारतज्ज्ञ देतात. करडई आणि शेंगदाणा अशी जोडी आपल्या भागाला सहज साधणारी आहे.

५. खरेदी करताना

पहिली गोष्ट, सुटे तेल टाळावे. सर्वसाधारण नियमानेही खाद्यतेल वेष्टनातच विकले पाहिजे. पिवळ्या धोत्र्याच्या बीचे तेल मिसळलेल्या मोहरी तेलाने १९९८ मध्ये दिल्लीत अंग सुजण्याच्या रोगाची साथ आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. स्वस्ताईची किंमत कधी कधी अशी द्यावी लागते.

दुसरी गोष्ट, वेष्टनावरचे बारीक अक्षर आधी वाचावे. मिश्र तेलाच्या वेष्टनावर कोणती तेले किती प्रमाणात आहेत ते छापलेले असते. मोठे चित्र करडईच्या फुलाचे आणि आत बहुतांश दुसरेच तेल, असेही घडू शकते. कोलेस्टेरॉल नाही, हे शब्द वाचून भुलू नये. कोणत्याही वनस्पतीच्या तेलात ते नगण्यच असते.

तिसरी गोष्ट घाण्याविषयी. घाण्याचे तेल म्हणजे डोळे झाकून उत्तम, असेही नव्हे. शेंगदाणे ओलसर राहून बुरशी धरली, तर त्या बुरशीचे विष न शुद्ध केलेल्या तेलात उतरते. म्हणून बी वाळलेली, निवडलेली, काळे व बुरसट दाणे काढून टाकलेली असावी. शक्य असेल त्यांनी स्वतःची बी नेऊन समोर तेल काढून घ्यावे. एकदम वर्षाचे भरू नये. महिन्या-दोन महिन्यांपुरते घ्यावे आणि चुलीपासून दूर, अंधारात, घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवावे.

६. किती तेल, आणि कितीदा तापवलेले

प्रत कितीही उत्तम असली तरी प्रमाण सुटले की सारे व्यर्थ. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ मध्ये कुन्नूरहून तेथे आली; तिच्या मार्गदर्शनानुसार २,००० उष्मांकांच्या रोजच्या आहारात दृश्य स्निग्धांश सुमारे २७ ग्रॅम असावा. यात तूप व लोणीही आले. आता हिशेब करा. घरात पाच प्रौढ माणसे. रोजचे १३५ ग्रॅम, महिन्याचे ४,०५० ग्रॅम, म्हणजे सुमारे साडेचार लिटर. आमच्या घरी आम्ही मोजले तेव्हा पाच माणसांना साडेसात लिटर लागत होते! जैतून की करडई, हा वाद आम्ही घालीत होतो. खरे उत्तर मापात होते.

तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात अपायकारक संयुगे साठत जातात. ती २५ टक्क्यांवर गेली तर ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना लागू आहे. घरात मोजण्याचे यंत्र नसते. पण डोळे व नाक असतात. तेल काळवंडले, दाट झाले, फेस धरू लागले, खवट वास आला की त्याचा उपयोग संपला. रमजानच्या महिन्यात रोज संध्याकाळी कढई चढते, दिवाळीत फराळाची चढते. दोन्हीकडे हाच मोह असतो. थोडेच तेल घालून तळावे, गाळून ठेवलेले एकदा भाजीला लवकर संपवावे, पुन्हा तळणीला घेऊ नये.

७. शेवटी घरची गोष्ट

आमच्या घरची हकीकत अर्धी राहिली होती. अब्बांच्या पुढील तपासणीच्या वेळी आम्ही अम्मींनाही आग्रहाने बरोबर नेले. अब्बांचे आकडे ठीक होते. अम्मींचा रक्तदाब वाढलेला होता आणि कोलेस्टेरॉल अब्बांपेक्षा अधिक निघाले. हे केवळ त्या स्टीलच्या डब्यातील तेलाने झाले, असे आम्ही म्हणणार नाही. वय असते, आनुवंशिकता असते, विश्रांतीचा अभाव असतो. परंतु ज्या घरात एकाच्या काळजीसाठी उत्तम तेल आले, त्याच घरात दुसऱ्याच्या वाट्याला जळके तेल आले, आणि तेही तिने आपण होऊन घेतले, ही गोष्ट आम्हाला आजही बोचते. तेल कसे निवडावे हे आम्ही पुष्कळ वाचले. पण ते कोणासाठी निवडावे, हे त्या दिवशी डॉक्टरांच्या दारात बसून कळले.

घरी आल्यावर अब्बांनीच निकाल दिला. म्हणाले, "आता घरात एकच तेल. मला जे, ते सगळ्यांना." जैतून बंद झाले. करडई व शेंगदाणा घाण्यावरून येऊ लागले. तळण आठवड्यातून एकदा. साडेसात लिटरांचे पाच लिटर झाले आणि खर्चही पूर्वीपेक्षा उतरला. तो स्टीलचा डबा अम्मींनी घासून लख्ख केला. आता त्यात जवसाची चटणी असते.

मामेभावास आम्ही यातले काही सांगितले नाही. त्याने आणले ते प्रेमाने आणले होते. पुढच्या खेपेस काय आणू, असे त्याने विचारले, तेव्हा अम्मींनी खजूर सांगितले.

न्यासाच्या सर्व कुटुंबांना आमची नम्र विनंती एवढीच : या महिन्यात एकदा आपल्या घरातील तेलाच्या डब्यावरचे बारीक अक्षर वाचा, महिन्याचे लिटर मोजा आणि घरातील प्रत्येक माणसाच्या ताटात कोणते तेल जाते ते पाहा. विशेषतः जी व्यक्ती सर्वांना वाढून शेवटी जेवते, तिच्या ताटात.